प्लास्टिकच्या डब्यावरचा जुना रंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आवारात झालेल्या 'माझा छंद' या कार्यक्रमातलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीटनेटकं करून स्मरणिकेसाठी देत आहे.)



या माइकवरून मी पंचवीस वर्षांत दोनच विषयांवर बोललो आहे. एक पाण्याची टाकी, दुसरा इमारतीचा रंग. जुना सुटलेला रंग खरवडल्याशिवाय वर नवा मारू नका, हे मी त्या वेळच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. कंत्राटदारानं मान डोलावली आणि शेवाळासकट रंगवून टाकलं. दोन पावसाळ्यांत बी विंगच्या मागच्या भिंतीचे पापुद्रे निघाले, ते आजही माझ्या खिडकीतून दिसतात. तेव्हा आजही मी रंगावरच बोलणार म्हटल्यावर काहींनी कपाळाला हात लावला, तो मी पाहिला. घाबरू नका. आज विषय फार छोटा आहे. हाताच्या पंजावर मावेल एवढा.

हा बघा. हा रेल्वेचा मालडबा आहे. अमेरिकेत याला बॉक्सकार म्हणतात. खरा डबा चाळीस फुटांचा, हा साधारण चौदा सेंटिमीटरचा. म्हणजे खऱ्याच्या एक-सत्त्याऐंशीपट लहान. या मापाला एचओ म्हणतात, 'एच' आणि 'ओ'. याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. जगात मॉडेल रेल्वेवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त चालणारं माप हेच. खाली जी चाकांची जोडी दिसते ती बोगी. आपण सगळे 'कुठल्या बोगीत बसलात?' असं विचारतो, पण वर्कशॉपात बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी, डबा नव्हे. तीस वर्षं मी लोकांना हे सांगतोय, कुणी ऐकत नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की मी रेल्वेच्या कॅरेज वर्कशॉपात होतो, पेंट शॉपमध्ये. प्रवासी डबे ठराविक काळानं पी.ओ.एच.ला येतात, म्हणजे पूर्ण तपासणी-दुरुस्तीला, आणि शेवटी आमच्याकडे. खरवडणं, लांबी भरणं, प्राइमर, अंडरकोट, मग वरचे हात. तेव्हा आपल्या गाड्या मरून रंगाच्या होत्या, निळ्या नंतर झाल्या. नाकाला थिनरचा वास इतका सवयीचा झाला होता की घरी आल्यावर जेवणाला वास नाही असं वाटायचं. हे सांगायचं कारण असं की रंग काढण्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता. त्या समजापायी जे झालं ते आज सांगणार आहे.

आता डबे आले कुठून? माझा मोठा भाऊ, दादा, १९७० साली शिकागोला गेला आणि तिथलाच झाला. शहराबाहेर उपनगरात घर, आणि रोज लोकलनं नोकरीला. आपल्यासारखाच लोकलवाला! ती लोकल तेव्हा शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न या कंपनीची होती. दादाला त्या कंपनीचं भारी कौतुक. का, तर अमेरिकेत दुहेरी मार्गावर बहुतेक गाड्या उजव्या रुळानं धावतात, ही कंपनी डाव्या. 'अरे, आपल्यासारखी!' असं तो प्रत्येक पत्रात लिहायचा. पुढे १९९५ साली ती कंपनी युनियन पॅसिफिकमध्ये विलीन झाली तेव्हा त्यानं फोन करून मला सांगितलं होतं, घरातलं कुणी गेल्यासारख्या आवाजात.

१९८४ च्या दिवाळीत दादा आला तेव्हा माझ्या मुलासाठी एक गाडी घेऊन आला. एक इंजिन, रुळांचं अंडाकृती वर्तुळ, आणि तीन मालडबे. हिरवे, पिवळ्या अक्षरांचे. ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतला, ११० व्होल्टचा. आपल्याकडे लावला असता तर दिवाळी दोनदा झाली असती. त्यासाठी वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. मुलगा सात वर्षांचा. त्यानं गाडी पाहिली आणि म्हणाला, "ही आपली गाडी नाही. आपली गाडी लाल असते."

झालं. पेंट शॉपमधला बाप घरात असताना एवढं म्हणायचं असतं का? दादा परत गेल्यावर मी डब्यातला उरलेला मरून ऑइलपेंट घेतला आणि एका रविवारी तिन्ही डबे रंगवून काढले. ब्रशनं, दोन हात. सुबक दिसले. मुलगा खूश. हिरवा रंग, पिवळी अक्षरं, सगळं आत गेलं.

चार वर्षांनी दादा पुन्हा आला. मुलानं मोठ्या हौसेनं त्याला गाडी चालवून दाखवली. दादानं एक डबा उचलला, डोळ्यांजवळ नेला, उलटासुलटा करून पाहिला. मग मला म्हणाला, "रंग मस्त बसलाय रे. हात चांगला आहे तुझा." आणि डबा रुळांवर परत ठेवला. मला ती शाबासकी वाटली.

मुलगा मोठा झाला, गाडी खोक्यात गेली, खोकं माळ्यावर. आपण या सोसायटीत राहायला आलो तेव्हा सामानाबरोबर ते खोकंही आलं आणि नव्या माळ्यावर चढलं. तीन वर्षांपूर्वी दादा गेला.

गेल्या मे महिन्यात नातवाला घेऊन पुण्याला कोथरूडमधलं जोशी यांचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी नक्की पाहा, मोठ्यांनीसुद्धा. घरी आल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे पण आहे ना गाडी?" खोकं उतरलं. नातू नऊ वर्षांचा, स्पष्टवक्ता. म्हणाला, "रंग किती जाड लावलाय! काहीच दिसत नाही."

आणि ते खरं होतं. खऱ्या डब्यावर ऑइलपेंटचा थर म्हणजे काहीच नाही. पण सत्त्याऐंशीपट लहान डब्यावर तोच थर सत्त्याऐंशीपट जाड झाला ना! रिवेटचे डोके, दाराच्या कडा, शिडीच्या पायऱ्या, सगळं त्यात बुडालं होतं. केकवर आयसिंग ओतावं तसं. मी नातवाला म्हटलं, "उद्या साफ करून देतो. आजोबांनी आयुष्यभर हेच केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत एका स्टीलच्या वाडग्यात एनसी थिनर ओतला आणि त्यात पहिला डबा सोडला.

इथे बायकांच्या बाजूनं हसू आलं, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरचा अनुभव दिसतोय. दहा मिनिटांनी मी डबा उचलला तर तो बोटांना लागला. म्हणजे अक्षरशः बोटांना चिकटला. मरून रंग सुटत होता खरा, पण त्याबरोबर डबाही सुटत होता. छत मधून खचलं, कडा वळल्या, आणि मी जिथे धरलं होतं तिथे माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला. घाईघाईनं पाण्याखाली धरला, पण व्हायचं ते झालं होतं. आठवडाभरानं तो पुन्हा टणक झाला, ठशासकट. हा बघा. फिरवा हातोहात. मतदान करून आल्यासारखा अंगठा आहे.

असं का झालं, ते आता मला नीट समजलंय. हे डबे पॉलिस्टायरीनचे. हेच प्लास्टिक फुगवलं की त्याचं थर्माकोल होतं. आता तुम्हीच आठवा. थर्माकोलवर बंदी येण्याआधी आपण मंडपात मखर करायचो. एका वर्षी कुणीतरी घाईत थर्माकोलच्या खांबांवर स्प्रे पेंट मारला आणि खांबांना खड्डे पडले, गणपतीच्या आदल्या रात्री! ते कुणी केलं ते मी सांगत नाही, तो आज कमिटीत आहे. स्प्रेमधल्या द्रावकानं थर्माकोल खाल्लं, तसंच थिनरनं माझा डबा खाल्ला. थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल, यांतलं काहीही पॉलिस्टायरीनला लावू नये. मॉडेल जोडायचा जो गोंद मिळतो तोही मुळात द्रावकच असतो. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून घट्ट होतात. तीस वर्षं मी लोखंडावरचा रंग काढला. लोखंडाला थिनरचं काही सोयरसुतक नसतं. त्यामुळे खाली काय आहे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. वर कुठला रंग आहे, एवढंच आम्ही बघायचो.

मग मात्र मी जमिनीवर आलो. मुलाला फोन केला, नातवानं मोबाइलवर काय काय शोधून दिलं, आणि एकेक प्रयोग सुरू केले. या वेळी डब्यावर नव्हे, त्या मेलेल्या डब्याच्या तुकड्यांवर. जे कुणी असला उद्योग करणार असतील त्यांच्यासाठी सांगतो. नवं रसायन आधी आतल्या बाजूला, तळाला, जिथे दिसणार नाही तिथे थेंबभर लावायचं आणि तासभर थांबायचं. प्लास्टिक चिकट झालं, पांढरं पडलं, किंवा मऊ लागलं, की ते रसायन बाद.

पहिला प्रयोग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. कोरोनात आणलेली बाटली घरात होतीच. पॉलिस्टायरीनला ते सहसा त्रास देत नाही आणि बरेचसे रंग त्यानं तासाभरात सुटतात, अ‍ॅक्रिलिक तर लगेच. फक्त पारदर्शक खिडक्या असतील तर त्या आधी काढून ठेवाव्यात, त्यांना केसासारख्या भेगा जाऊ शकतात. माझ्या ऑइलपेंटवर मात्र सहा तासांत काडीचा परिणाम झाला नाही. एका परीनं मला अभिमानच वाटला. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीचा हात आहे, असा थोडाच सुटणार!

मग ब्रेक ऑइल. अमेरिकेतले जुने मॉडेलवाले वर्षानुवर्षं हेच वापरत आले आहेत. गाडीच्या ब्रेकमधलं, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ नको, ते सिलिकॉनचं असतं, त्यानं रंगाला काही होत नाही. रंग सुटतो चांगला, पण डबा फार वेळ बुडवून ठेवला तर प्लास्टिक ठिसूळ होण्याचा धोका असतो. शिवाय ते पोटात गेलं तर विष, गटारात ओतता येत नाही, आणि थेंब जरी आपल्या पार्किंगमधल्या कुणाच्या गाडीवर पडला तर त्या गाडीचाही रंग निघेल. मागच्या वेळचा पार्किंगचा वाद आठवून मी तो विचार सोडून दिला.

कॉस्टिक सोडा हाही एक मार्ग आहे. ऑइलपेंटमधल्या तेलाचा त्यानं साबण होतो आणि रंग सुटतो. पॉलिस्टायरीनला तो काही करत नाही, पण डोळ्यांना आणि कातडीला भयंकर. घरात लहान मूल असताना नको म्हटलं. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात तर मुळीच नको, त्यातून हायड्रोजन निघतो.

आणि मग सापडलं डेटॉल! हसू नका. इंग्लंडमधले लोक आपले छोटे छोटे प्लास्टिकचे सैनिक आणि गाड्या साफ करायला हेच वापरतात. बाटलीवर वाचा, त्यात टर्पिनिऑल आहे आणि अल्कोहोल आहे. ते दोघं मिळून रंग उचलतात. कृती अशी. डब्याची चाकं, कपलिंग, आतली लोखंडी वजनाची पट्टी, सगळं काढून ठेवायचं. नुसतं कवच एका मोठ्या काचेच्या बरणीत ठेवून वर बुडेपर्यंत डेटॉल ओतायचं. पाणी एक थेंब नाही. झाकण लावून एक दिवस, दोन दिवस. रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. मग हातमोजे घालून जुन्या मऊ टूथब्रशनं घासायचं. कोपऱ्यांत टूथपिक, तीही लाकडी. पिन किंवा ब्लेड लावायचं नाही, प्लास्टिक मऊ असतं, ओरखडा कायमचा राहतो. पॉलिशपेपर तर नावही काढू नका, रिवेट उडतील.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की घासून झाल्यावर लगेच नळाखाली धरायचं नाही. रंगमिश्रित डेटॉलला पाणी लागलं की त्याचा चिकट गोळा होतो, चुइंगम पायाला लागावं तसा, आणि तो सगळ्या बारकाव्यांत जाऊन बसतो. आधी स्वच्छ डेटॉलमध्येच विसळायचं, मग भांड्याचा साबण, आणि मग पाणी.

मी दुसरा डबा असा केला. चार दिवस घराला दवाखान्याचा वास होता. समोरच्या वहिनी दोनदा विचारून गेल्या, "कोण आजारी आहे?" आमच्या हिनं सांगितलं, "हे." दोन बाटल्या डेटॉल संपलं, त्याचा हिशेब अजून निघतो.

पण मंडळी, जे बाहेर आलं ते पाहून माझे डोळे निवले. राखाडी प्लास्टिक, आणि त्यावर सगळं. रिवेटच्या ओळी, दाराचे खटके, शिडीची प्रत्येक पायरी, छतावरच्या फळ्यांच्या रेघा. इतका सुंदर डबा मी चाळीस वर्षं झाकून ठेवला होता! नातवानं आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो काढले होते. ते मी शिकागोला वहिनींना पाठवले. खाली लिहिलं, 'तुमच्या भाऊजींची कला.'

अर्ध्या तासात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. शिकागोत तेव्हा पहाटेचे पाच.

"भाऊजी, नंबर कुठे गेले?"

"कसले नंबर, वहिनी?"

त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला वाटत होतं ते डबे दुकानातले, तयार रंगवलेले. तसं नव्हतं. दादानं बिनरंगाचे किट आणून, तळघरात बसून, शनिवार-रविवार घालवून ते जोडले होते. रंग त्याचा, अक्षरं त्यानं लावलेली. अक्षरं म्हणजे डिकल. पातळ पापुद्र्यावर छापलेले आकडे पाण्यात भिजवून, सरकवून बसवायचे. प्रत्येक मालडब्याला कंपनीच्या नावाखाली एक नंबर असतो. दादानं त्या जागी आमच्या जन्मतारखा घातल्या होत्या. एका डब्यावर माझी, एकावर आमच्या हिची, एकावर मुलाची. तेही आपल्या पद्धतीनं, आधी दिवस मग महिना, अमेरिकन पद्धतीनं नाही. वहिनी म्हणाल्या, "म्हणत होते, बघू या त्याला ओळखू येतात का. येईल तेव्हा हसेल."

मी हसलो नाही, कारण मी पाहिलंच नाही. मुलगा म्हणाला आपली गाडी लाल असते, आणि मी ब्रश घेतला. आणि १९८८ साली दादानं डबा डोळ्यांजवळ नेऊन इतका वेळ काय पाहिलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. पुढे इतकी वर्षं फोनवर बोललो, चार वेळा भेटलो. त्यानं विषय काढला नाही.

वहिनी फोनवर रडल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्या एवढंच म्हणाल्या, "एक राहिलाय ना अजून?"

एक राहिला होता.

आता प्रश्न असा होता. माझा मरून वरचा, दादाचा हिरवा खालचा, त्यावर त्याचे आकडे. मला मधलं ठेवून वरचं तेवढं काढायचं होतं. ज्यांनी जुनी कपाटं साफ केली असतील त्यांना ठाऊक आहे, की जे रसायन वरचा रंग काढतं त्याला खालच्या रंगापाशी थांब म्हणून सांगता येत नाही. डेटॉलच्या बरणीत हिरवा आणि मरून एकत्रच तरंगत होते. तेव्हा मला तो फक्त गढूळ तपकिरी दिसला होता. मी ती बरणी ओतून दिली होती.

तरी एक कोपरा करून पाहिला. डब्याच्या मागच्या भिंतीवर, खालच्या कडेला, जिथे अक्षर असण्याची शक्यता कमी. इअरबड डेटॉलमध्ये बुडवून, नखाएवढ्या जागेवर, दर दहा मिनिटांनी एक हात. पहिल्या तासाला कापसावर काही नाही. मग मरून. मग आणखी मरून. मी श्वास रोखून होतो. पुढच्या बोळ्यावर मरूनच्या कडेला हिरवी छटा आली, आणि त्याच्या पुढच्यावर नुसता हिरवा. मध्ये थांबायला जागाच नव्हती. माझा रंग खालच्या रंगात मुरला होता. तो कोपरा तसाच ठेवलाय, तिथे राखाडी प्लास्टिकचा ठिपका दिसतो.

मग नातवानं काढलेला तो 'आधीचा' फोटो मी मोठा करून पाहिला. त्यानं खिडकीपाशी काढला होता, ऊन बाजूनं पडलेलं. मरून रंगाच्या खाली काहीतरी उठलेलं दिसत होतं. डिकलच्या पापुद्र्यालाही जाडी असते, आणि वर कितीही रंग मारला तरी त्याची कड थोडी वर राहते. भिंतीवरच्या जुन्या पोस्टरवरून रंग मारला की तिरप्या उजेडात पोस्टरची कड दिसते ना, तसं. वर्कशॉपात आम्ही लांबी सपाट बसली का ते असंच पाहायचो, हातदिवा डब्याला टेकवून तिरपा धरून. ही एकच गोष्ट माझ्या नोकरीतली या सगळ्या प्रकरणात उपयोगी पडली.

रात्री घरातले दिवे बंद केले. तिसरा डबा टेबलावर आडवा ठेवला. नातवानं टॉर्च अगदी टेकवून धरला आणि हळूहळू फिरवला. आधी नुसते ब्रशचे फराटे दिसले, माझेच. मग एक उभी रेघ. मग बाक. नातू मोठ्यानं वाचायला लागला. "एक. दोन. शून्य. आठ. सात. सात."

बारा आठ सत्त्याहत्तर. माझा मुलगा. नातवानं फोन लावून त्याला सांगितलं, "बाबा, तुम्ही डब्यात आहात."

फोटोत दुसऱ्या डब्यावर चार आकडे कसेबसे लागले, दोन सात शून्य तीन. म्हणजे सत्तावीस मार्च, आमची ही. तो मी डेटॉलमध्ये घातला. आणि ज्यावर माझा अंगठा उमटला तो मग माझाच होता, पंधरा सात सत्तेचाळीस.

तिसरा डबा मी काढायचा नाही असं ठरवलं. मुलगा म्हणतो, काढायला हवा, खाली दादाकाकाचं काम आहे. तो म्हणतो परदेशात संग्रहालयांत असले थर सुट्टे करणारे तज्ज्ञ असतात, विचारू कुणाला तरी. विचारू देत. मी मात्र त्याला आता हात लावणार नाही. आहे तसा तो गाडीत धावतो, मरून. नातवाचे मित्र आले की घरातले दिवे बंद होतात आणि टॉर्च निघतो. बी विंगमधल्या बहुतेक मुलांनी पाहिलाय. तुमच्यातल्या कुणाला पाहायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर या, उजेडात दिसत नाही.

दुसऱ्या डब्याचं काम चालू आहे. राखाडी प्राइमरचा एक पातळ हात दिलाय, पातळ म्हणजे खरंच पातळ, खाली रिवेट मोजता आले पाहिजेत. त्यावर हिरवा देईन. हिरवी छटा वहिनींनी सांगितलीय, त्यांच्याकडे दादाच्या तळघरातली सगळी खोकी अजून आहेत. त्यांनी शोधून डिकलची ती शीटही पाठवली, भाचीबरोबर. पिवळे आकडे, ओळीनं छापलेले, शून्यापासून नऊपर्यंत. जुनं डिकल पाण्यात टाकलं की फुटून तुकडे होतात, म्हणून आधी शीटवर पारदर्शक वार्निशचा एक हात द्यावा लागतो. तो देऊन झालाय.

शीटवर सगळे आकडे थोडेथोडे उरलेत, फक्त सातची ओळ पूर्ण रिकामी आहे. मी हिशेब केला. माझ्या तारखेत दोन सात, हिच्या तारखेत एक, मुलाच्या तारखेत दोन. पाच. प्रत्येक डब्याच्या दोन बाजू. दहा सात गेले त्याच्याकडून, आणि मला आता हिच्या डब्यासाठी दोन हवेत. शीटवर एक बऱ्यापैकी शिल्लक आहेत. एकाच्या डोक्यावर दुसऱ्या एकाची आडवी पट्टी कापून जोडली की सात होतो, असं वाटतंय. ब्लेड नवं आणलंय. भिंग बॅंकेत काम केलेल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दिलंय. रविवारी सकाळी बसणार आहे, तेव्हा कृपया कुणी ड्रिल मशीन लावू नका.